ओस पडणाऱ्या वस्त्या

अमेरिकेतील डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती. २०२० साली ती साडेसहा लाखांच्याही खाली आली. मोटारधंद्याचे भांडवल निघून गेले आणि २०१३ साली महापालिकेचे दिवाळे निघाले. तेथे भांडवल गेले. आपल्या घनसावंगी तालुक्यातून श्रम जातो. मुकादमाची उचल फेडण्यासाठी मजूर जोडपी दरसाल मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतात, वस्त्या ओस पडतात. याचे खापर अवर्षणावर फोडणे सोयीचे आहे. परंतु जायकवाडीचा डावा कालवा याच तालुक्यातून वाहतो! पाणी जमीनवाल्याच्या उसाला मिळते. भूमिहीनाच्या वाट्याला कोयताच येतो. म्हणून पाण्याच्या न्याय्य वाटपाबरोबरच, महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याने मान्य केलेला कामाचा हक्क कार्यकर्त्यांनी उचल वाटली जाण्यापूर्वीच गावोगाव मागितला पाहिजे.