वर्तणूक : चांगली

आमच्या नागपुरात छिंदवाडा मार्गावर एक चौक आहे; गावभर त्याला पागलखाना चौक म्हणतात. तेथील इस्पितळ १८६४ सालचे. त्याचे नाव बदलून प्रादेशिक मनोरुग्णालय झाले त्यालाही जमाना लोटला, पण ऑटोवाल्याला नवे नाव सांगाल तर तो तुमच्याच तोंडाकडे पाहील. चौकाच्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. हे नाव आमच्या वर्गांतून ज्या कामी येते, त्याबद्दल आहे. "चूप बसतोस का नेऊन टाकू पागलखान्यात?" हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे, आयांच्या तोंडून ऐकले आहे, आणि मग मधल्या सुटीत मुलांच्या तोंडूनही ऐकले आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, वर चित्रकला-शिक्षकाची परीक्षा. कादंबऱ्या लिहितो, तो गुन्हा निराळा. अशा माणसाने मुलांच्या मनावर बोलावे काय, अशी शंका विद्वानांना येईल. त्यांना माझे एवढेच सांगणे की, गणिताच्या तासाला मूल जे लपविते ते चित्रकलेच्या तासाला कागदावर येते.

माझ्या पाहण्यातले एक पोर सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही. एकीचे सांगितले तर बाकीच्या उगाच सोवळ्या ठरतील. सहावीतला मुलगा. दहा मिनिटे एका जागी बसणे त्याला जमत नसे. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडे, शेजाऱ्याची कंपासपेटी उचली, आणि कोणी हसले की धावून जाई. चित्र मात्र असे काढी की पोळ्याचा बैल कागदावरून उतरून येईल! बाप इतवारीत हमाली करणारा. दर पंधरा दिवसांनी त्याचा रोज बुडवून त्याला बोलावून घेत आणि चारचौघांत ऐकवीत. तो बिचारा हात जोडून म्हणे, "मास्तर, याले घरी बी लय मारलं. काहून असा करते, काही समजत नाही." अखेर एके दिवशी त्याच्या हाती दाखला पडला.

आता गंमत पाहा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची नव्हे. मग दाखला दिला कसा? दिला नाहीच, बापाने मागितला! कार्यालयात त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि मजकूर सांगितला. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. आणि त्याच्या वरच्याच रकान्यात, वर्तणूक : चांगली. ज्या वर्तणुकीपायी पोराला घालविले, तीच दाखल्यावर चांगली! पुढे दोन शाळांनी दाखला पाहिला, चौकशी केली आणि जागा नाही म्हणून सांगितले. मुलगा आता मामाच्या दुकानात गोण्या मोजतो.

"पण बाकीच्या एकोणसाठ मुलांचे काय?" हा सवाल मला हमखास विचारतात. सवाल खोटा नाही. एक मूल आरडाओरडा करू लागले की साऱ्या वर्गाचा तास बुडतो, आणि बाकीच्या मुलांच्या आईबापांनीही फी भरलेली असते. पण बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मनाचा विकार आढळला. म्हणजे साठांच्या वर्गात चार-पाच. एकाला घालवून वर्ग निर्मळ होतो हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. उरलेली फक्त ओरडत नाहीत. माझ्या एका वर्गात एक मुलगी होती. वहीच्या शेवटच्या पानावर एकच चौकट ती गिरवीत बसे, कागद फाटेपर्यंत. प्रगतिपुस्तकावर तिच्यापुढे शेरा होता, 'शांत व गुणी'.

दुसरा आक्षेप छडीवाल्यांचा. छडी गेली आणि मुले बिघडली, असे हे गृहस्थ सांगतात. याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मारण्यालाही आणि मानसिक छळालाही बंदी केली. पण कायदा बाजूला ठेवा. त्या पोराने घरी आणि शाळेत मिळून जेवढा मार खाल्ला, तेवढ्याने मुले सुधारत असती तर तो एव्हाना वर्गाचा मॉनिटर झाला असता! ज्याच्या मेंदूला लगाम आवरत नाही त्याला मारणे म्हणजे चष्मा लागलेल्या मुलाला फळा दिसेना म्हणून मारणे.

तिसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा : "आम्ही शिक्षक, डॉक्टर नव्हे." अगदी कबूल. निवडणूक आली की आम्ही, जनगणना आली की आम्ही, आणि आता मनाचे दुखणेही आम्हीच पाहावे काय? निदान करणे आमचे काम नव्हेच. उलट हल्ली मोबाइलवर दोन चित्रफिती पाहून दर चुळबुळ्या मुलाला विकाराचे नाव चिकटविणाऱ्यांचीही मला भीती वाटते. पण डॉक्टर नसतानाही बरेच करता येते. खिडकीजवळचे मूल पुढच्या बाकावर घ्यावे. एका वेळी एकच काम सांगावे. उठायचेच असेल तर त्यालाच वह्या वाटायला, खडू आणायला उठवावे. रागावायचे ते एकट्याला बाजूला घेऊन. आणि पंधरा दिवस वहीत टिपून ठेवावे की पोर नेमके केव्हा बिथरते : कोणत्या तासाला, कोणाशेजारी, डबा आणला नव्हता त्या दिवशी काय. ही वही घेऊन आईबाप मेडिकलच्या मनोविकार विभागात गेले तर डॉक्टरचे अर्धे काम झालेले असते. यांपैकी कशालाही शासनाचा आदेश लागत नाही.

आदेश मात्र झालेला आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत. आणि शिक्षक-शिपाई सर्वांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. संस्थाचालक म्हणतात, पैसा कोठून आणू? दारावर कॅमेरे बसवायला आणि संमेलनाच्या मांडवाला तो आला होता तेथूनच आणावा. आमचे परीक्षा मंडळ दहावी-बारावीच्या वेळी समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते, चांगलेच करते. पण मुलांची मने काय फेब्रुवारी-मार्चातच दुखतात?

आणि वाचकहो, आता थोडे तुम्हांलाही. या चार दिवसांत घर पाहुण्यांनी भरेल. चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी मावशी किंवा काका त्या पोरासमोरच विचारतील, "हा असाच का हो?" त्यांना तेथेच थांबवा. आणि एखादे मूल, मोठे असो की लहान, सहज बोलल्यासारखे म्हणाले की मला जगावेसे वाटत नाही, तर ते नाटक समजून हसू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, एकटे सोडू नका. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून विनामूल्य चालते. तेथे आईबापांनीही बोलावे.

सुटी संपली की पालकसभा होईल. सहामाहीच्या टक्क्यांवर तासभर बोलणे होईल, व्हायचेच. त्यानंतर मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा. आपल्या शाळेत समुपदेशक कोण आहेत आणि कोणत्या वारी येतात? आणि गेल्या वर्षी पालकांच्या विनंतीवरून किती दाखले गेले, त्यांतली किती मुले आज कोणत्या शाळेत बसली आहेत?