रब्बींचा शब्द आणि बाळाचा जीव

ज्यू धर्मात रब्बी म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा गुरू. देवाने सिनाय पर्वतावर मोशेला लेखी शास्त्राबरोबर तोंडी शिकवणही दिली आणि ती गुरुपरंपरेने रब्बींकडे आली, अशी कर्मठ ज्यूंची श्रद्धा आहे. ही शिकवण आणि तिच्यावरचे वादविवाद पुढे 'तालमूद' या महाग्रंथात लिहिले गेले. मग रब्बींनी आकाश, रोग, किडामुंगी यांविषयी जे सांगितले, तेही देवाचेच बोल मानायचे काय?

खुद्द तालमूद काय सांगते ते पाहा. सूर्य रात्री कुठे जातो, यावर वाद झाला. ज्यू पंडित म्हणाले, आकाशाच्या छतावरून. परधर्मी पंडित म्हणाले, पृथ्वीच्या खालून. तेव्हा यहूदा हनासी या थोर रब्बींनी परक्यांचेच म्हणणे अधिक पटते असा कौल दिला. आपल्या पंडितांची ही हार ग्रंथातून कोणी खोडली नाही. याला आम्ही मोठेपणा म्हणतो.

इजिप्तमधील अब्राहम (११८६-१२३७) हे विख्यात वैद्य व तत्त्वज्ञ मैमोनिडीस यांचे पुत्र. त्यांनी स्पष्ट लिहिले की, धर्मनियमांत पूर्वाचार्यांचा अधिकार मानावा. पण वैद्यक, निसर्ग, खगोल यांत त्यांचे प्रत्येक मत उचलून धरण्याचे बंधन नाही.

सर्वांनाच हे पटले नाही. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, जीव मारायचा नाही. ऊ मात्र मारलेली चालते, कारण तिची पैदास नर-मादीपासून होत नाही, असा जुना समज. अठराव्या शतकात इटलीतील फेरारा शहरचे रब्बी व डॉक्टर इसहाक लाम्प्रोंती म्हणाले, ऊ अंड्यातूनच होते हे आता कळले आहे, तेव्हा ती मारू नये. मांतुआचे रब्बी यहूदा ब्रिएल यांनी ते मानले नाही. शास्त्रज्ञांच्या शोधामुळे परंपरा बदलायची नाही, असे त्यांचे मत.

उवेचे एक वेळ सोडा. पण बाळाच्या सुंतेचे काय? सुंतेनंतर जखमेतील रक्त चोखून काढावे, असे तालमूदने सांगितले ते बाळाला धोका होऊ नये म्हणूनच. त्या काळचे वैद्यक तसे होते. १८३७ साली प्रेसबर्गचे (आजचे ब्रातिस्लाव्हा) रब्बी मोशे सोफर यांच्यासारख्या कट्टर आचार्यांनीही तोंडाऐवजी स्पंज वापरण्यास मुभा दिली. तरी न्यू यॉर्कमधील काही कर्मठ पंथ हटून बसले. तेथे २००० ते २०११ या काळात ११ अर्भकांना हर्पिस विषाणूची बाधा झाली. सुंतेच्या वेळी तोंड लावले गेले होते, हे काहींच्या बाबतीत नक्की होते, तर बाकीच्यांच्या बाबतीत तसाच दाट संभव होता. त्यांतली २ बाळे दगावली.

बाळ जगावे म्हणून केलेला नियम बाळाच्या जिवावर उठला. सूर्याच्या बाबतीत हनासींनी जो मोकळेपणा दाखवला, त्याने त्यांचा मान कमी झाला नाही आणि ज्यू धर्मही बुडाला नाही. तोच मोकळेपणा पाळण्यापर्यंत यावा, एवढेच आमचे म्हणणे.