सात पापे आणि एक अक्षर

'सॉफ्टवेअरचा आणि साहित्याचा काय संबंध?' हा प्रश्न मराठीच्या विभागांत विचारला जातो तो उत्तराच्या अपेक्षेने नव्हे, विषय संपवण्यासाठी. तिकडे गणित, इकडे संवेदना, अशी वाटणी करून दोन्ही घरे सुखाने नांदतात. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ती खोटी आहे आणि तिचा तोटा आपल्याच विद्यार्थ्यांना होतो, असे आमचे म्हणणे आहे.

कोणतीही संगणकप्रणाली बांधण्याआधी तिने नेमके काय करायचे हे लिहावे लागते. या लेखाला त्या व्यवसायात 'स्पेसिफिकेशन' म्हणतात. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने परिषद भरवली आणि 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव रूढ झाले. हा लेख निर्दोष कसा लिहावा, हा प्रश्न त्या शास्त्राला तेव्हापासून छळतो आहे. त्यावरील संशोधनातले एक प्रकरण तर साहित्याच्या वर्गातच शोभावे असे आहे.

डॅनिश शास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९६९ साली उदाहरणादाखल एक साधा प्रश्न घेतला : दिलेल्या मजकुराच्या ओळी पाडायच्या. ओळ तोडायची ती दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागी किंवा मूळ ओळ संपते तिथेच; प्रत्येक ओळीत मावतील तितके शब्द भरायचे; मात्र ठरलेल्या कमाल 'कॅरॅक्टर'संख्येपुढे जायचे नाही. नाउर यांनी आज्ञावली लिहिली, ती बरोबर का आहे याचे विवेचनही केले. १९७५ साली जॉन गुडइनफ आणि सुसान गेरहार्ट यांनी तिच्यात दोष दाखवले आणि मूळ निवेदनच अपुरे ठरवून ते नव्याने, सुमारे चौपट लांबीचे लिहिले. १९८५ साली बर्ट्रांड मेयर यांनी ही सुधारित संहिता शब्दन् शब्द तपासली आणि स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याची सात पापे मोजून दाखवली : गोंगाट, मौन, समस्येऐवजी तिचे उत्तरच सांगून टाकणे, विसंगती, संदिग्धता, पुढे येणाऱ्या गोष्टीचा आधीच उल्लेख आणि तपासता न येणारी मनोराज्ये. एखादा शब्द ओळीच्या मर्यादेहून लांब असला तर काय करायचे, याविषयी नाउर यांचे नियम काहीच बोलत नाहीत. हे मौन. तीच गोष्ट दोनदा निराळ्या शब्दांत सांगितली की वाचकाला वाटते, या दोन गोष्टी असाव्यात. हा गोंगाट.

मेयर यांच्या निबंधावरचे नाव झाकले तर तो संहितासमीक्षेचा उत्तम पाठ म्हणून कोणत्याही एम.ए.च्या वर्गात चालेल. नवल एवढेच की, तो आपल्यापैकी कोणी लिहिला नाही आणि वाचलाही क्वचितच.

यावर संगणकशास्त्राच्या बाजूने सांगितले जाते की, रोग भाषेचा आहे आणि औषध गणिताचे. मेयर स्वतः गणिती मांडणीचे पुरस्कर्ते खरेच. पण त्या मांडणीवरून पुन्हा गद्याकडे यावे, ते गद्य अधिक नेटके होते, हेही त्यांनीच दाखवले. ते सोयीस्करपणे विसरले जाते. गणित सांगितलेले काटेकोर करते. जे विचारायचेच राहिले ते गणिताला कळत नाही.

पुरावा त्याच उदाहरणात आहे. ओळीची मर्यादा 'कॅरॅक्टर'मध्ये मोजायची. पण कॅरॅक्टर म्हणजे काय? इंग्रजी मजकूर समोर असणाऱ्या या मंडळींना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. 'स्त्री' हा शब्द घ्या. अक्षर एक. वर्ण चार : स्, त्, र्, ई. युनिकोडचे संकेत सहा, कारण दोन हलन्तचिन्हे आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. या सहांतले पहिले तीनच ठेवले तर 'स्त' उरते. वाचकाला जे एक अक्षर वाटते ते संगणकाने कसे ओळखावे, याचे सर्वसाधारण नियम युनिकोडने केले आहेत. त्यांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद आली ती १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. त्याआधी त्याच नियमांनी 'स्त्री'चे तीन तुकडे होत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. वर्ण आणि अक्षर यांतला जो भेद शाळेच्या व्याकरणात पहिल्या प्रकरणात शिकवला जातो, तो या नियमांत उतरायला बत्तीस वर्षे लागली.

आमच्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते, असे आम्ही म्हणत नाही; ती आरोळी आम्हाला त्या वाटणीइतकीच नापसंत आहे. आमचे म्हणणे साधे आहे : कोणता प्रश्न विचारायचा राहिला हे ओळखण्यासाठी भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि तो घडवणे हे भाषाविभागांचे काम आहे.

'साहित्याला व्यवहाराच्या गाड्याला जुंपू नका,' असा दुसरा आक्षेप येईल. संदिग्धता तर काव्याचे वैभव, ध्वनिसिद्धान्त शिकवणाऱ्यांनी तिला दोष कसे म्हणायचे? आम्ही उलट विचारतो : एका वाक्यातून किती अर्थ निघतात हे पाहण्याची सवय ज्याला आहे, त्याच्याइतका नको असलेला दुसरा अर्थ कोणाच्या लवकर ध्यानात येईल? शिवाय याच नाउर यांनी १९८५ साली आणखी एक निबंध लिहून सांगितले की, प्रणालीची खरी समज ती बांधणाऱ्यांच्या मनात असते. संहिता आणि कागदपत्रे ती पूर्णपणे पोचवू शकत नाहीत. संहितेत नसलेला अर्थ कुठून येतो, हा वाद आपल्या वर्गांत नित्याचाच आहे. तो संगणकाच्या दारात उभा असताना आपण आत बसून राहावे, याला सोवळे म्हणतात, साहित्यनिष्ठा नव्हे.

आज साध्या भाषेत मागणी लिहिली की यंत्र स्वतः आज्ञावली तयार करून देते. म्हणजे सगळा भार पुन्हा त्या मागणीच्या वाक्यांवर आला. व्यावहारिक मराठीच्या तासाला मात्र रजेचा अर्ज आणि इतिवृत्त यांपुढे गाडी फारशी सरकत नाही. अभ्यासमंडळाच्या ठरावाची वाट न पाहता एवढे तरी करता येईल : कोणत्याही छापील अर्जामागच्या सूचना वर्गात वाचाव्यात, त्यांत मेयर यांची सात पापे शोधायला सांगावीत आणि मग त्या सूचना विद्यार्थ्यांकडून नव्याने लिहून घ्याव्यात. एका तासाचे काम आहे.