हळू गाडीचा हक्क आणि घाटातली घाई



मनोरहून विक्रमगड, जव्हार, मोखाडा करीत त्र्यंबककडे जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६०-अ झाला आहे. नाव मोठे झाले, रहदारी वाढली, पण रस्त्यावरची आपली माणसे तीच आहेत. भाताचे भारे नेणारी बैलगाडी, खताच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर, बाजाराला निघालेली बॅटरीवरची तीनचाकी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई. आणि त्यांच्या मागे हॉर्नचा ठणाणा करीत आलेली शहरातली मोटार. पावसाळ्यात दाभोसा धबधब्याची गर्दी, श्रावणात त्र्यंबकची. २०२७ साली नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. तेव्हा या रस्त्यावर काय होईल, याचा विचार आताच केलेला बरा.

मोटारवाल्यांचे म्हणणे एकच असते: ही सावकाश वाहने म्हणजे रस्त्यातली अडगळ. आमचे मत अगदी उलट आहे. हळू चालणे हा गुन्हा नाही आणि सरकारी रस्ता कुणा एका वेगवान गाडीच्या मालकीचा नाही. पण नुसते असे म्हणून भागत नाही. हक्क आपला असला तरी धडक बसली की हाडेही आपलीच मोडतात.

थोडा हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. आपला ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटरने चालला असेल, तर तो सेकंदाला ४ मीटर पुढे सरकतो. म्हणजे दोघांतले अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होते. वळणावर चालकाला ट्रॅक्टर ४० मीटरवर दिसला, तर त्याच्या हातात उरतात जेमतेम तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतो. तोरंगण घाटात पावसाळी धुके उतरले की ४० मीटरही दिसत नाही. म्हणून आपल्या गाडीचा पहिला बचाव म्हणजे ती लांबून दिसणे.

अमेरिकेत गोल्फच्या मैदानावरच्या छोट्या विजेवरच्या गाड्या लोक गावच्या रस्त्यावर आणू लागले. तेव्हा १९९८ साली तिथल्या सरकारने अशा हळू गाड्यांसाठी वेगळा नियम केला. दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, सीटबेल्ट असतील तरच गाडी रस्त्यावर आणायची. तिथे ट्रॅक्टरच्या आणि घोडागाडीच्या मागे नारिंगी रंगाचा, लाल चमकत्या काठाचा त्रिकोण लावतात. तो दिसला की मागच्याला लांबूनच कळते, पुढची गाडी हळू आहे. आपल्याकडे ऊसपट्ट्यात गळीत हंगाम आला की उसाच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात. जव्हार-मोखाड्यात साखर कारखाना नाही. मग हे काम ग्रामपंचायतीनेच अंगावर घ्यायला हवे.

आता गाडी हाकणाऱ्यांसाठी चार गोष्टी. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर हवेतच. बैलगाडीलाही मागून चमकपट्टी मारा. ट्रॅक्टरला आणि तीनचाकीला उजवीकडचा आरसा बसवा. डावीकडून चाला, पण डांबराच्या आतून. पावसात साइडपट्टी भुसभुशीत होते आणि भरलेली ट्रॉली तिथे कलंडते. मागे दोन-चार गाड्या तुंबल्या तर सरळ, रुंद जागा बघून बाजूला थांबा आणि त्यांना जाऊ द्या. त्यात कमीपणा नाही. मात्र वळणावर कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी बावचळून कडेला जाऊ नका. आणि पुढचे दिसत नसताना "जा, जा" म्हणून हात तर मुळीच दाखवू नका. बॅटरीवरच्या तीनचाकीला कायद्यानेच ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. तिने शर्यतीत उतरू नये, आणि चालकाकडे परवाना हवाच. ट्रॉलीत माणसे भरून नेण्याची सवयही आता सोडा.

मोटारवाल्यांनाही एक नियम माहीत नसतो, किंवा माहीत असून ते विसरतात. अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या एकावेळी मावत नसतील, तर उतरणाऱ्या गाडीने थांबायचे आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे. भरलेला ट्रॅक्टर चढणीला एकदा थांबला की पुन्हा उचलणे किती जड जाते, हे आपल्याला सांगायला नको. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर, जिथे पुढचे दिसत नाही, तिथे ओव्हरटेक करायला बंदी आहे. हे दोन नियम मराठीत आणि गुजरातीत मोठ्या अक्षरांत घाटाच्या दोन्ही तोंडांशी का लागू नयेत?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे आमचे मागणे फार नाही. येत्या ग्रामसभेत आपल्या हद्दीतल्या धोक्याच्या वळणांची यादी करा. कुठे गोल आरसा हवा, कुठे गाडी बाजूला घ्यायला जागा हवी, कुठे पाटी हवी, हे ठरावात लिहा. ठराव रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याला द्या आणि पोचपावती घ्या. आपली गावे पेसात आहेत. गावातल्या बैलगाड्या-ट्रॉल्यांच्या चमकपट्ट्यांचा खर्च अबंध निधीत बसतो का, तेही सभेत विचारा. एखाद्या मोठ्या कामाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

इतके करूनही अपघात झालाच, तर हक्क सोडू नका. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडीचा नंबर टिपा, भांडत बसू नका. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा भिऊन मागे हटू नका. मे २०२५ पासून ठरलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजना आहे. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ च्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत करायचा असतो. पाड्यावरच्या अडाणी माणसाला हे सांगणार कोण? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एवढे लिहिले तरी पुष्कळ.

सिंहस्थाची तयारी म्हणजे केवळ त्र्यंबकचे घाट आणि नाशिकचे पूल नव्हे. ज्या गावांच्या अंगावरून ती गर्दी जाणार, त्या गावांची बैलगाडी संध्याकाळी सुखरूप घरी पोचली पाहिजे. पाट्या आणि आरसे आधी लागावेत, मोटारी मागून येऊ द्या.