दोन दारे, चार दारे आणि कलम 52

एमपीएफआय जिप्सी किंग आणि एमपीएफआय एस्टीम यांच्या बॉनेटखाली मारुतीचे एकच इंजिन आहे: जी13बीबी, 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह. जिप्सीत ते उभे बसते आणि 80 अश्वशक्ती देते. एस्टीममध्ये आडवे बसते आणि 85 देते. व्हीलबेस जिप्सीचा 2375 मिमी, एस्टीमचा 2365. म्हणजे चार दारांची गाडी दोन दारांच्या गाडीपेक्षा दहा मिलिमीटरने आखूडच. इतक्या जवळच्या नात्यातल्या गाड्यांच्या मालकांत भाऊबंदकी व्हायचीच.

नाशिक रोड ते देवळाली कॅम्प या पट्ट्यात जिप्सी कुणाला नवी नाही. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी असल्याने सैन्याच्या हिरव्या जिप्सी इथल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे दिसत आल्या, आणि सैन्याच्या लिलावात सुटलेल्या जिप्सींना गिऱ्हाईक कधी कमी पडले नाही. एस्टीम आली ती घरची गाडी म्हणून. वडिलांनी घेतली, मुलाने मागची सीट काढली. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ने राष्ट्रीय अजिंक्यपदाची फेरी नाशिकच्या मुरमावर आणली, तेव्हा या दोन्ही गाड्यांना घराजवळच मोठे मैदान मिळाले. तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटावा अशी कुणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

जिप्सीवाल्यांची बाजू चेसिसची आहे. खाली शिडीची चौकट, चारही कोपऱ्यांना पाटे, लागेल तेव्हा चारही चाकांना ओढ. पावसाळ्यात स्टेजवर चाकोऱ्या पडल्या, की एस्टीमचा सम्प गार्ड जमीन घासू लागतो आणि जिप्सी वरून निघून जाते. एस्टीमवाले शंभरेक किलोंचा हलकेपणा पुढे करतात, बसका गुरुत्वमध्य सांगतात, आणि कोरड्या घट्ट मुरमावर वेगात वळताना जिप्सी कशी एका बाजूच्या चाकांवर उभी राहते याची आठवण काढतात. त्यांचे म्हणणे चूक नाही. पाट्यांची गाडी खड्ड्यातून सावरते, पण दिशा बदलताना वेळ घेते. स्ट्रटची गाडी दिशा पटकन बदलते, पण सीव्ही जॉइंट मागत राहते. राहिला दारांचा हिशेब. जिप्सीचे मागचे फाटक दार धरायचे की नाही, यावर एस्टीमवाले अजूनही भांडतात. त्यांच्या मते समोरची गाडी तीन दारांची आहे आणि ‘दोन दारे’ हा जिप्सीवाल्यांचा निव्वळ रुबाब आहे.

असे गट जगभर पडले आहेत. 1997 मध्ये सुबारूने जागतिक रॅलीसाठी इम्प्रेझा दोन दारांची केली. मित्सुबिशीने लॅन्सर इव्होल्यूशन चार दारांचीच ठेवली आणि टॉमी मॅकिननने तिच्यावर 1996 ते 1999 अशी सलग चार अजिंक्यपदे घेतली. दोन दारांच्या सांगाड्यात मधला खांब मागे जातो आणि शेलला ताठपणा मिळवणे सोपे पडते, हे खरे. पण पूर्ण रोल केज, म्हणजे आतला नळ्यांचा संरक्षक पिंजरा, बसवल्यावर हा फरक बराचसा पुसला जातो. म्हणजे वादाचे मूळ शेवटी केजपाशी येते, आणि नोंदणी नूतनीकरणातली सरकारी अडचणही नेमकी तिथेच आहे. पण आधी फी पाहू.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. 20 वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 5,000 वरून 10,000 रुपये झाली. एस्टीम बंद झाली 2007 मध्ये. त्यामुळे एकही एस्टीम आता 15 वर्षांच्या आत नाही आणि बहुतेक गाड्या 20 च्या पुढे गेल्या आहेत. जिप्सी नागरी बाजारात 2019 पर्यंत मिळत होती, तरी रॅलीत धावणाऱ्यांपैकी बऱ्याच जुन्याच आहेत. 15 वर्षांवरील खासगी पेट्रोल मोटारीला महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाला उशीर झाला तर महिन्याला 500 रुपये. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचा खर्च त्या मानाने किरकोळ.

रक्कम जड आहे, पण गाऱ्हाणे रकमेचे नाही. नियमांच्या दृष्टीने गाडी 20 वर्षांची झाली की म्हातारी होते आणि पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटली की वारसा ठरते. तेव्हा तिला ‘व्हीए’ची वेगळी पाटी मिळते. मधल्या तीस वर्षांत तिला फक्त फी आहे, ओळख नाही. पहिली जिप्सी डिसेंबर 1985 ची. तिला मान मिळायला 2035 उजाडेल.

खरी अडचण नूतनीकरणाच्या तपासणीत आहे. नाशिक रोडच्या मालकाला त्यासाठी द्वारका आणि पंचवटी ओलांडून पेठ रोडच्या आरटीओपर्यंत जावे लागते. रॅलीआधीच्या तांत्रिक तपासणीत, म्हणजे स्क्रुटिनीत, केज नसेल तर गाडी सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. मेन हूपची, म्हणजे सीटमागच्या मुख्य कमानीची, नळी 45 मिमी व्यासाची आणि 2.5 मिमी जाडीची, किंवा 50 मिमी व्यासाची आणि 2 मिमी जाडीची. प्रत्येक पायाखाली किमान 3 मिमी जाड पत्रा. प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट. हे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि ते माणसांच्या मणक्यांच्या हिशेबाने लिहिलेले आहेत. तीच गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी राहिली की तोच केज बेकायदा बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या केरळच्या प्रकरणातील निकालात हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षी आलेल्या कलम 182अ ने अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले.

प्रमाणपत्रात ‘केज’ असा रकाना नाही. निरीक्षक पकडतो ते दोन रकाने: रिकाम्या गाडीचे वजन आणि आसनसंख्या. केजने वजन वाढते, मागची सीट काढल्याने आसने घटतात. एस्टीमच्या पुस्तकात पाच आसने आहेत. जिप्सी किंगची आसनक्षमता उत्पादकाने आठ सांगितलेली, त्यामुळे जी गाडी ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर यांच्याखेरीज कुणालाही घेऊन धावत नाही, तिला दर पाच वर्षांनी आठ जणांची बैठक दाखवावी लागते. मग धावपळ सुरू होते. कुणाच्या तरी माळ्यावरून बाक येतात, धूळ झटकली जाते, तपासणी होते आणि बाक पुढच्या जिप्सीकडे जातात. कायद्याची बूज यात कुठे राखली जाते, हे कोणत्याही अधिकाऱ्याने सांगावे.

केज काढण्यातही दोन्ही गटांना भांडायला जागा आहे. सॉफ्ट टॉप जिप्सीचे छत सोडले की बोल्ट-इन केज चौघे जण वरून सरळ उचलतात. एस्टीममध्ये तो सांध्यांवर सुटा करावा लागतो, पण मागच्या दारांतून एकेक नळी ओढून काढता येते. चार दारांचा एवढा एक ठोस फायदा जिप्सीवालेही कबूल करतात. वेल्ड केलेल्या केजला मात्र कोणताच मार्ग नाही. अशा गाडीचे प्रमाणपत्र संपते आणि मग ती ट्रेलरवरून ऑटोक्रॉसपुरती उरते, कारण स्टेज रॅलीत दोन स्टेजमधला प्रवास सार्वजनिक रस्त्यावरून, नोंदणी आणि विमा शाबूत ठेवूनच करायचा असतो. नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेलीच असते. गाडीतला बदल प्रमाणपत्रावर चढलेला नसेल, तर उरलेल्या प्रवासाच्या दाव्यावरही कंपनी बोट ठेवते.

याच कलम 52 मध्ये सीएनजी किटला वाट आहे. डिकीत 200 बार दाबाची टाकी बसवा, नोंद करा, रस्ता मोकळा. टाकीने वजन वाढते, डिकी जाते, तरी हरकत नाही, कारण कायद्याने तसे म्हटले आहे. याच कलमाच्या एका परंतुकात केंद्र सरकारला ‘विशिष्ट प्रयोजनासाठी’ इतर बदलांनाही सूट देण्याचा अधिकार आहे. मान्यताप्राप्त स्पर्धेत जीव वाचवणारा केज हे विशिष्ट प्रयोजन नसेल, तर ते शब्द कायद्यात कशासाठी ठेवले, हा प्रश्न मंत्रालयाला लेखी विचारला गेला पाहिजे. निरीक्षकाशी खिडकीवर हुज्जत घालून हे सुटणार नाही. त्याच्या हातात तो अधिकारच नाही.

आणि इथे रॅलीवाल्यांचाही दोष आहे. कोणती गाडी वेगवान यावर रात्र जागवणारे मालक अर्जावर सही करायच्या वेळी दिसत नाहीत. काही जण तर हा वाद सिन्नरकडच्या महामार्गावर किंवा समृद्धीवर मिटवायला निघतात. सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावली की कलम 189 लागू होते: पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ते कलम दारे मोजत नाही. अशा शर्यतीची एक चित्रफीत पुरेशी आहे. मग केजच्या सुटीचा अर्ज कोणत्या तोंडाने पुढे करायचा?

अर्ज आता करायचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे, कलम 52 मधील सुटीच्या परंतुकाखाली, आणि प्रत राज्याच्या परिवहन आयुक्तांना. मागणी तीन ओळींची असावी: मोटरस्पोर्ट महासंघाच्या स्क्रुटिनीत उतरलेला केज प्रमाणपत्रावर नोंदवावा, स्पर्धेच्या गाडीची आसने दोन लिहावीत, आणि नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षकाने केजच्या मंजूर आराखड्याशीच गाडी ताडून पाहावी. सोबत प्रमाणपत्राची प्रत, स्पर्धा परवाना, केजच्या नळ्यांची मापे आणि पायांची छायाचित्रे जोडावीत. जिप्सीवाल्यांनी एक आणि एस्टीमवाल्यांनी दुसरा असे दोन अर्ज पाठवू नयेत. दोन अर्ज म्हणजे दोन फायली, आणि दोन फायली म्हणजे दोन्हीवर ‘दुसरी पाहावी’ असा शेरा.

सूट मिळेपर्यंत तपासणीला केज काढूनच जावे लागेल. परत बसवताना जुने बोल्ट वापरू नयेत. किमान एम8, ग्रेड 8.8, प्रत्येक वेळी नवे. पायाखालच्या पत्र्याभोवती गंज दिसला तर तो आधी कापून काढावा आणि मगच पाना लावावा. नूतनीकरण उरकल्याच्या आनंदात मागचे दोन पाय अर्धवट आवळून स्टेजवर आलेल्या गाड्या दोन्ही गटांत आहेत, आणि स्क्रुटिनीत त्यांना परत पाठवणाऱ्यांवर चिडण्याचा अधिकार त्यांच्या मालकांना नाही.