‘आय ॲम अँग्री ऑन यू’ म्हणताय? इंग्रजीत राग नेमका कसा व्यक्त करायचा, समजून घ्या

इंजिनीअरिंग संपवून बोईसरला पहिली नोकरी लागली, तेव्हाची गोष्ट. परराज्यातल्या एका पुरवठादाराने पंपाचे सुटे भाग तिसऱ्यांदा चुकीचे पाठवले होते. फोनवर त्याला झापायचं ठरवलं आणि तोंडातून निघालं, ‘आय ॲम व्हेरी अँग्री ऑन यू!’ पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू. राग खरा होता, पण त्या एका वाक्याने त्यातली हवाच गेली.

पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात ही अडचण अनेकांची आहे. घरात मराठी किंवा आपली बोली, कारखान्यात हिंदी आणि ईमेल, ऑडिट, मीटिंग इंग्रजीत. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात, नाराजी सांगायला नाही. मग वेळ आली की आपण एकतर गप्प बसतो किंवा आरडाओरडा करतो. माझ्या मते रागाची चार वाक्यं ‘थँक यू’इतकीच गरजेची आहेत.

नेहमीच्या तीन चुका

‘तुझ्यावर रागावलोय’मधल्या ‘वर’मुळे आपण ‘ऑन’ लावतो. इंग्रजीत माणसावर राग असेल तर ‘अँग्री विथ यू’ आणि एखाद्या गोष्टीचा राग असेल तर ‘अँग्री अबाउट द डिले’ म्हणतात.

दुसरी चूक, ‘आय ॲम फ्रस्ट्रेटिंग’. याचा अर्थ होतो, ‘मी लोकांना वैताग आणतो’! वैतागलेले तुम्ही ‘फ्रस्ट्रेटेड’, वैताग आणणारं काम ‘फ्रस्ट्रेटिंग’.

तिसरी, ‘डोन्ट ईट माय हेड’. आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परदेशी क्लायंट गोंधळेल. त्याऐवजी ‘प्लीज स्टॉप बॉदरिंग मी’ म्हणा.

चिडचिड ते संताप: कोणतं वाक्य कधी?

• ‘आय ॲम अ बिट अनॉइड’: थोडी चिडचिड. समजा, डहाणू लोकल दहा मिनिटं उशिरा आली.

• ‘आय ॲम फ्रस्ट्रेटेड’: प्रयत्न करूनही काम होत नाही. उदाहरणार्थ, ऑनलाइन अर्ज पाचव्यांदा अडकला.

• ‘आय ॲम फेड अप विथ धिस’: तेच तेच सोसून जीव मेटाकुटीला आला. रोज ऐन दुपारी वीज जाते.

• ‘आय हॅव हॅड इनफ’: आता बस्स, यापुढे सहन करणार नाही.

• ‘आय ॲम फ्युरियस’: संताप. हे जपून वापरा. दहा मिनिटांच्या उशिरालाच ‘फ्युरियस’ झालात, तर पुढे शब्दच उरणार नाही.

रीलमधलं इंग्रजी ऑफिसात नको

‘आर यू किडिंग मी?’, ‘व्हॉट द हेल!’ हे मित्रांत ठीक. साहेबांपुढे किंवा ग्राहकापुढे ते उद्धट वाटतं. तिथे ‘आय ॲम नॉट हॅपी विथ धिस’ किंवा ‘धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल’ म्हणा. ऐकायला ही वाक्यं मवाळ वाटतात, पण ऑफिसच्या इंग्रजीत त्यांचं वजन मोठं आहे.

आणखी एक, माणसावर घसरू नका, घडलेलं सांगा. ‘यू आर केअरलेस’ म्हटलं की समोरचा भांडायला उठतो. ‘धिस इज द थर्ड टाइम धिस हॅज हॅपन्ड’ म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. त्या दिवशी पुरवठादाराला मी हे म्हणायला हवं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य

तारापूर हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी इथल्या एका रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेकांचे जीव गेले. तो भाषेमुळे झाला, असं अजिबात म्हणायचं नाही. पण अशा ठिकाणी गळका व्हॉल्व्ह दिसल्यावर बाहेरून आलेल्या साहेबांना भीतभीत ‘सर, लिटल प्रॉब्लेम’ सांगणं परवडणारं नाही. तिथे स्पष्ट बोलायला हवं, ‘धिस इज नॉट सेफ. प्लीज स्टॉप द वर्क.’

नजीकचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांना १९४८ च्या कारखाने कायद्यातच १९८७ च्या दुरुस्तीने मिळाला होता. तो सांगायला इंग्रजीची अट नव्हती.

मग इंग्रजी हवंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. कामगाराची भाषा समजून घेणं ही व्यवस्थापनाचीही जबाबदारी आहे. सरकारी कार्यालयात तक्रार करायची असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार ती मराठीत देता येते. तिथे इंग्रजीचं दडपण घेऊ नका. पण फोनच्या पलीकडे चेन्नईचा पुरवठादार असेल, मीटिंगमध्ये परदेशी ऑडिटर असेल, तर आपलं म्हणणं आपल्यालाच मांडावं लागतं.

वरच्या वाक्यांतली चार आज पाठ करा, आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहा. आणि ऐनवेळी इंग्रजी सुचलंच नाही, तर मराठीत बोला. धोका दिसत असताना मात्र गप्प राहू नका.