फुकटच्या पायावरील इमले

एखाद्या कार्यालयावर दरोडा पडला तर त्याची वार्ता होते. पण त्याच कार्यालयाच्या खिडकीपुढे हजार माणसांनी खोटी रांग लावून खऱ्या अर्जदाराला दिवसभर तिष्ठत ठेवले, तर त्याला गुन्हा म्हणावे की गैरसोय, याविषयी आपले मन साशंक असते. संगणकाच्या जगात या दुसऱ्या प्रकाराला सेवा ठप्प पाडणारा हल्ला म्हणतात. त्यात काही चोरीला जात नाही, केवळ काम अडते. म्हणूनच त्याकडे काणाडोळा करण्याची वृत्ती बळावते. परंतु ज्या समाजाने वेतन, परीक्षांचे अर्ज आणि बँकांचे व्यवहार संगणकांवर सोपविले आहेत, तेथे काम अडणे ही किरकोळ बाब राहत नाही.

गूगल, क्लाउडफ्लेअर व ॲमेझॉन या कंपन्यांनी १० ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर केलेली हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. संकेतस्थळांशी देवाणघेवाण करण्याचा एचटीटीपी-२ हा नियमसंच २०१५ मध्ये प्रमाणित झाला. एकाच जोडणीवरून अनेक मागण्या करण्याची आणि नको असलेली मागणी रद्द करण्याची मुभा त्यात आहे. हल्लेखोरांनी मागणी करायची आणि तत्क्षणी ती रद्द करायची, असा सपाटा लावला. रद्द झालेली मागणी मोजणीतून बाद होई. त्यामुळे एका वेळच्या मागण्यांची मर्यादा कागदोपत्री कधीच ओलांडली जात नसे. सर्व्हर मात्र प्रत्येक मागणीसाठी राबत राही. गूगलवरील माऱ्याचा कळस सेकंदाला ३९.८ कोटी मागण्या एवढा होता. क्लाउडफ्लेअरवर सेकंदाला २०.१ कोटी मागण्या आल्या, आणि त्यामागे अवघी २०,००० च्या आसपास यंत्रे होती.

खरा धडा याच्या पुढचा आहे. हा नियमसंच राबविणारा भाग गो या संगणकभाषेच्या तयार सामग्रीतही होता. असंख्य यंत्रांवर कामाची वाटणी करणारी कुबरनेटिस ही प्रणाली त्याच भाषेत लिहिलेली. साहजिकच हा दोष तिच्याकडे वारशाने आला. गोच्या चालकांनी त्याच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पण या भाषेतील प्रणाली तयार होताना असे भाग तिच्यातच बांधले जातात. म्हणून उगमाशी दुरुस्ती झाली तरी त्यावर विसंबलेली प्रत्येक प्रणाली नव्याने बांधून, ठिकठिकाणी पुन्हा बसवावी लागते. मधल्या एकाने आळस केला, तर त्याच्या पुढचे सारे उघडे पडतात. आणि त्यांतील अनेकांना आपण कशावर विसंबून आहोत याची कल्पनाही नसते.

हा अज्ञानाचा प्रश्न आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. टपाल लावणाऱ्या लिपिकाप्रमाणे संगणकही माहिती वेगवेगळ्या खणांत टाकत असतो. सगळे टपाल मुद्दाम एकाच खणात जाईल अशी योजना केली, तर प्रत्येक वेळी तो ढीग उपसावा लागून यंत्र थकते, हे क्रॉस्बी व वॉलक या अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्येच दाखवून दिले होते. पर्ल या भाषेने तेव्हाच उपाय केला. तरीही डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत पीएचपी, जावा, पायथन आदी भाषांत तोच दोष शाबूत असल्याचे सप्रयोग सिद्ध झाले. आठ वर्षे ज्ञान उपलब्ध होते. उणीव होती ती जबाबदारीची.

येथे अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. हे पायाभूत भाग बहुधा मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता येण्याजोगे असतात. हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे असे सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहिण्याचा खर्च सुमारे ४.१५ अब्ज डॉलर, तर ते वापरणाऱ्यांना त्यापासून मिळणारे मूल्य ८.८ लाख कोटी डॉलर आहे. एवढी संपत्ती फुकट मिळते, तेव्हा तिच्या देखभालीचा खर्च आपण का करावा, असे प्रत्येकाला वाटते. हानी सोसणारा ग्राहक वेगळा आणि ती टाळू शकणारा उत्पादक वेगळा. ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात, तो हाच.

यावर काहीजण म्हणतील की, सदोष भाग लिहिणाऱ्यालाच जबाबदार धरा. हा न्याय नव्हे. ज्याने विनामोबदला पाणपोई घातली, त्याच्याकडून पाण्याची हमी मागितली तर पाणपोया बंद पडतील. ते पाणी बाटलीत भरून विकणाऱ्याला मात्र ती मागितलीच पाहिजे. युरोपीय संघाच्या डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आलेल्या कायद्याने हाच भेद केला आहे. बाजारात माल आणणाऱ्याने त्यातील परक्या भागांचीही काळजी वाहावी आणि दोष आढळल्यास उगमाशी कळवावे, असे तो बजावतो. त्याची प्रमुख बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, हे स्वागतार्हच आहे. पण नुसत्या सूचीने संरक्षण होत नाही. जडवस्तू नोंदवहीत खुर्चीची नोंद असली म्हणून तिचा मोडका पाय सांधला जात नाही, हे शाळा-महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. म्हणून सार्वजनिक खरेदीच्या निविदांत तीन अटी असाव्यात: प्रत्येक प्रणालीची अद्ययावत घटकसूची, उगमाशी दुरुस्ती झाल्यावर ती अमुक दिवसांत बसविण्याचे बंधन व विलंबास दंड, आणि कंत्राटाच्या रकमेचा लहानसा हिस्सा त्या मुक्त भागांच्या देखभालीसाठी.

यामुळे कंत्राटे थोडी महागतील, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वस्ताईची किंमत आजही दिली जातेच; फरक एवढाच की, ती अंदाजपत्रकात न दिसता खिडकीपुढे ताटकळणाऱ्या नागरिकाच्या वेळेतून वसूल होते. हा खर्च उघडपणे अंदाजपत्रकात मांडणे हेच प्रामाणिक अर्थकारण होय.